अद्भुताला जमीन हवी

अमीश त्रिपाठी यांच्या शिवत्रयीत नागांची राजधानी गोदावरीच्या काठी आहे आणि तिचे नाव पंचवटी. 'द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा' 2010 साली आली, 'द सिक्रेट ऑफ द नागाज' 2011 मध्ये आणि 'द ओथ ऑफ द वायुपुत्राज' 2013 मध्ये. तिन्ही भाग मराठीतही उपलब्ध आहेत. मेलुहा या कल्पित राज्यात व्यंग घेऊन जन्मलेल्या मुलांना 'नाग' ठरवून नर्मदेपलीकडे धाडतात. दंडकारण्याच्या आत, साऱ्या सप्तसिंधूपासून लपून, या टाकून दिलेल्या माणसांनी एक नगरी वसवलेली असते. इगतपुरीतून रोज पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई गाठणाऱ्यांच्या हातात हे पुस्तक पाहिले की मला फार बरे वाटते. आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या पंचवटीचे नाव पौराणिक मालिकांबाहेर, एका नव्या कल्पित जगाच्या नकाशावर आले, ही लहान गोष्ट नाही.

या त्रयीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सोमरस. तो पिणारे शतकानुशतके तरुण राहतात. पण त्याच्या निर्मितीत सरस्वती आटते, त्याच्या मळीने दूरच्या ब्रंगांच्या देशात रोगराई पसरते आणि त्याच्याच प्रभावाने काही मुले व्यंग घेऊन जन्मतात. ज्यांना पापी म्हणून हाकलले, त्यांच्या दुःखाचे मूळ हाकलणाऱ्यांच्या पेल्यात असते. ही कल्पना कोणत्याही भाषेत अभिमानाने मिरवावी अशी आहे. मी कमी पडताना पाहतो ती या कादंबऱ्यांतली जमीन. दंडकारण्य हे वाटेतला अडथळा म्हणून येते आणि मागे पडते. ज्याने श्रावणात त्र्यंबक-अंजनेरीच्या बाजूला पाय ठेवला आहे, त्याला त्या अरण्यात आपला चिखल, आपली कारवी, आपले धुके सापडत नाही.

अद्भुत कादंबरी वाचताना मी दोनच गोष्टी पाहतो. तिच्या जगात मला चालता येते का? आणि तिथल्या चमत्काराची किंमत कोणीतरी मोजतो का? ड्रॅगन किती मोठा आहे, राजघराणी किती आहेत, पुस्तकाच्या आरंभी नकाशा आहे की नाही, हे सगळे त्यानंतर.

ही कसोटी मी परदेशी समीक्षेतून उचललेली नाही. ती इथल्याच डोंगरात आहे. इगतपुरीच्या दक्षिणेला उभे असलेले कळसूबाई हे 1646 मीटरचे, राज्यातले सर्वांत उंच शिखर. त्याची कथा पायथ्याच्या गावांत सांगतात. कळसू नावाची मुलगी पाटलाच्या घरी कामाला राहिली, ती कोणते काम करीन आणि कोणते नाही याची अट घालून. पुढे पाहुण्यांच्या गर्दीत अटीपलीकडचे काम तिला सांगितले गेले आणि ती सरळ डोंगरावर निघून गेली, ती कायमचीच. तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून अजून दाखवतात. चमत्काराला अट आहे, अट मोडल्याची भरपाई नाही आणि सगळे घडले ती जागा पायाखाली आहे. आपल्या श्रावणातल्या कहाण्याही याच बांध्याच्या. वसा घेतला तर तो पाळावा लागतो, विसरला तर राजाचेही राज्य जाते. उत्तम अद्भुत कादंबरीला जे लागते ते आजीच्या तोंडून आपल्याला आधीच मिळालेले असते.

मग मराठीत या कादंबऱ्या इतक्या थोड्या का? खरे तर सुरुवातीच्या काळात मराठी कादंबरी याच वाटेने चालली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' 1861 ची, नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' 1868 ची. त्याच सुमारास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी कथा मराठीत आणायला घेतल्या आणि वाचकांनी त्या उचलून धरल्या. नाथमाधवांची 'वीरधवल' विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली. शिकारीत कड्यावरून पडून कमरेखालचे शरीर लुळे झालेल्या या लेखकाने अंथरुणावरून गुप्त वाटा, किल्ले आणि साहसे रचली आणि पुढच्या कितीतरी पिढ्यांनी ती रात्र-रात्र जागून वाचली.

पण 1890 नंतर हरिभाऊ आपट्यांच्या सामाजिक कादंबरीने साहित्याची प्रतिष्ठा आपल्याकडे ओढून घेतली. ते आवश्यकच होते. 'पण लक्षात कोण घेतो?' लिहिली गेली नसती तर आपण कितीतरी दरिद्री राहिलो असतो. नुकसान झाले ते दुसरीकडे. अद्भुत ही मोठ्यांनी वाचायची गोष्ट नव्हे, असा समज रुजला आणि तिची रवानगी मुलांच्या कपाटात झाली. तिथे ती 'चांदोबा'त जगली. दासरी सुब्रह्मण्यम यांनी मूळ तेलुगूत लिहिलेल्या, मांत्रिकांच्या आणि भग्न किल्ल्यांच्या क्रमशः कथा मराठी मुलांनी महिनोन्‌महिने वाट पाहून वाचल्या, लेखकाचे नावही ठाऊक नसताना. मोठ्यांसाठी नारायण धारप एकटे खिंड लढवत राहिले. रत्नाकर मतकरींच्या गूढकथा होत्या, गौरी देशपांडे यांनी 'अरेबियन नाइट्स'चे सोळा खंड मराठीत आणण्याचे अचाट काम केले. विज्ञानकथेला नारळीकरांसारखा वैज्ञानिक पाठीराखा लाभला म्हणून तिला मान मिळाला. अद्भुत कादंबरीला तसा कोणी भेटला नाही.

गेल्या दहा वर्षांत जगात या प्रकारात जे घडले आहे, ते पाहता हे अंतर जास्तच टोचते.

एन. के. जेमिसिन या अमेरिकी लेखिकेची 'द फिफ्थ सीझन' 2015 मध्ये आली. तिच्या त्रयीच्या तिन्ही भागांना 2016, 2017, 2018 अशी सलग तीन वर्षे ह्यूगो पुरस्कार मिळाला. असे त्याआधी कोणाच्याही बाबतीत झाले नव्हते. या जगात भूमीच शत्रू आहे. दर काही शतकांनी ती फाटते, आकाश राखेने भरते, वस्त्या मरतात. भूकंप थोपवण्याची शक्ती घेऊन जन्मलेली काही माणसे आहेत. समाज त्यांच्यावर तगून आहे आणि त्यांनाच साखळदंडात ठेवतो. अशी शक्ती असलेली एक आई आपल्या मुलीच्या शोधात निघते, एवढेच कथानक. पण इगतपुरीच्या वाचकाने ही कादंबरी वाचावी याला वेगळे कारण आहे. आपण राहतो ते डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आहेत. भूवैज्ञानिकांनी दख्खनच्या या थरांना गावांची नावे दिली आहेत. जव्हार, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर आणि त्यांच्यात एक थर 'इगतपुरी' नावाचा. पृथ्वीच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या उद्रेकांपैकी एकाच्या पानावर आपल्या गावाचे नाव आहे. जेमिसिनने कल्पनेने रचलेला तो प्रलय आपल्या पायाखाली गोठून पडला आहे. घाटात कापलेल्या कड्यांवर एकावर एक थर दिसतात ते पाहत ही कादंबरी वाचली की तिचा दाह अंगाला लागतो. माझ्या मते गेल्या दशकातली ही सर्वांत मोठी अद्भुत कादंबरी आहे.

आर. एफ. क्वांग हिची 'बेबल' 2022 ची. काळ 1830 च्या दशकाचा, स्थळ ऑक्सफर्ड. चांदीच्या कांडीवर दोन भाषांतले जोडशब्द कोरले की त्यांच्या अर्थांतल्या फटीतून शक्ती निघते, आणि तिच्यावर ब्रिटनची जहाजे, गिरण्या, पूल चालतात. ही शक्ती पुरवायला कँटनहून, कलकत्त्याहून मुले आणून शिकवली जातात. कथा पुढे अफूच्या युद्धाच्या उंबरठ्यावर येते आणि इथे मराठी वाचकाने सावध व्हावे. चीनमध्ये उतरणाऱ्या अफूचा मोठा हिस्सा माळव्याचा होता आणि तो मुंबईतून जहाजावर चढे. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्यांची संपत्ती या व्यापारात वाढली. माळव्याकडून मुंबईला येणारा आग्रा रस्ता आपल्याच थळघाटातून खाली उतरतो. म्हणजे 'बेबल'मधला अन्याय दूरच्या कोणा देशाचा नाही, त्याची एक बाजू आपल्या दारावरून गेलेली आहे. कादंबरीत दोष आहेत. लेखिकेचा राग कधी कधी पात्रांच्या तोंडून भाषण म्हणून बाहेर पडतो आणि वाचकाला जे उमगलेले असते ते पुन्हा सांगितले जाते. तिची 2018 ची पहिली कादंबरी 'द पॉपी वॉर' मला अधिक भेदक वाटते. रिन ही अनाथ मुलगी परीक्षेत पहिली येऊन सैनिकी विद्यालयात जाते, इथपर्यंत सगळे ओळखीचे. नंतर युद्ध येते आणि ती देवतेला हाक मारते. ती शक्ती वापरण्याची किंमत म्हणजे तिच्यातली माणुसकी. शेवटी ती जे करते ते वाचून मी पुस्तक मिटले आणि बराच वेळ दुसरे काही हातात घेऊ शकलो नाही.

श्रीलंकेच्या वज्र चंद्रसेकेरा यांची 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' 2023 ची असून तिला नेब्युला पुरस्कार मिळाला आहे. आईने मुलाला वाढवले ते वडिलांना मारण्यासाठी, आणि वडील म्हणजे जगाला वंदनीय झालेला धर्मसंस्थापक. बुद्धचरित्राची आणि राहुलाची छाया उघड आहे. त्यामुळे धम्मगिरी या विपश्यना केंद्राच्या गावात, इगतपुरीत, ही कादंबरी काहींना खटकेल, हे मला कळते. तरीही ती वाचावी. ती श्रद्धेवर हल्ला करत नाही. श्रद्धेच्या नावाने शहरात दंगली कशा पेटवल्या जातात, कागदपत्रांवरून माणसे कशी वेगळी काढली जातात, छावण्यांत कशी कोंडली जातात, हे ती दाखवते. दक्षिण आशियातल्या लेखकाने परक्या राजवाड्यांची उसनवारी न करता आपल्याच मातीतून किती अपूर्व जग उभारावे, याचा हा वस्तुपाठ आहे. ताशा सूरी यांची 'द जॅस्मिन थ्रोन' (2021) त्याच वाटेवरची. झाडे माणसाच्या अंगात मूळ धरतात असा रोग, उजाड मंदिर, कैदेतली राजकन्या आणि तिची दासी. कथा मध्ये रेंगाळते, पण मंदिराचे सगळे प्रसंग उत्तम आहेत.

खपाचा विचार केला तर रेबेका यारोस यांच्या 'फोर्थ विंग'चे (2023) नाव आधी घ्यावे लागेल. ड्रॅगनवर स्वार होण्याचे विद्यालय, मरणाच्या परीक्षा, प्रेम. पाने भराभर उलटतात, पण त्या देशात लोक काय पिकवतात, कशाला भितात, कोणती गाणी म्हणतात हे पुस्तक संपल्यावरही मला सांगता येत नाही. तरुण मुली ती हातोहात वाचत आहेत याचा मला आनंद आहे, त्यांनी तिथेच थांबू नये एवढेच. ब्रँडन सँडरसन यांच्या बाबतीत उलट तक्रार आहे. 2022 मध्ये त्यांनी चार कादंबऱ्यांसाठी थेट वाचकांकडून चार कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली, इतका विश्वास त्यांनी कमावला आहे. त्यांच्या जादूचे नियम काटेकोर असतात. पण सगळेच नियमात बसले की भय उरत नाही, आणि भयाशिवाय अद्भुत अर्धेच.

सुझना क्लार्क यांची 'पिरानेसी' (2020) मात्र नि:संशय थोर. अंतहीन दालनांचे एक घर, खालच्या दालनांत समुद्राची भरती, वरच्या दालनांत ढग, सगळीकडे पुतळे आणि मध्ये नोंदवह्या लिहीत राहणारा एक निरागस माणूस. त्याला हे घर कैद वाटत नाही, आश्रय वाटतो. तो कोण, इथे कसा आला हे हळूहळू उलगडते. लेखिका दीर्घ आजारातून बाहेर येत असताना हे पुस्तक आले आणि 2021 चा विमेन्स प्राइज त्याला मिळाला. किंमत आणि जमीन या दोन्ही कसोट्यांवर ते पूर्ण उतरते.

मराठीतही हालचाल आहे. मुग्धा कर्णिक यांनी टोल्किनची त्रयी 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली. कॅराड्रासची खिंड हिमवादळाने अडते आणि प्रवाशांना नाइलाजाने डोंगराच्या पोटातून, मोरियाच्या अंधारातून जावे लागते, हा भाग घाटात राहणाऱ्याने मराठीत वाचावाच. खिंड ठरवते तसे माणसाने जायचे, हे कसाऱ्याला मागून इंजिने जोडून वर येणाऱ्या गाड्या पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. हृषीकेश गुप्ते यांच्या 'घनगर्द'सारख्या पुस्तकांत भय आणि अद्भुत पुन्हा मोठ्यांच्या वाचनात आले आहे. आणि 'तुंबाड' आहे. धारपांच्या कथेतून प्रेरणा घेऊन राही अनिल बर्वे यांनी हा चित्रपट केला, 2018 मध्ये तो आला आणि 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा लोकांनी चित्रपटगृहे भरली. न थांबणारा पाऊस, पडका वाडा आणि हावरेपणाची पुरेपूर वसुली. जमीनही आपली, किंमतही आपल्या कहाण्यांतली. भाषा मात्र हिंदी घ्यावी लागली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रकाशकांनी 'द फिफ्थ सीझन', 'पिरानेसी' आणि 'द सेंट ऑफ ब्राइट डोअर्स' यांचे मराठी अनुवाद करवून घ्यावेत, चांगल्या अनुवादकाला चांगले मानधन देऊन. दिवाळी अंकांनी रहस्यकथेला आणि विज्ञानकथेला जशी जागा दिली तशी अद्भुत कथेला द्यावी, मुलांच्या पानांत नव्हे, मोठ्यांच्या. नाशिकच्या 1840 पासूनच्या सार्वजनिक वाचनालयाने आणि तालुक्यांच्या ग्रंथालयांनी या पुस्तकांसाठी एक कपाट राखावे. आणि ज्यांना लिहायचे आहे त्यांनी अलंग-मदन-कुलंगच्या कड्यांखाली, त्रिंगलवाडीच्या लेण्यात, जुलैच्या धुक्यात जाऊन यावे. सह्याद्रीत रचलेली मोठी मराठी अद्भुत कादंबरी अजून कोणी लिहिलेली नाही.

वाचकांपैकी ज्यांना या प्रकाराची ओळख नाही त्यांनी 'पिरानेसी'पासून सुरुवात करावी. ती लहान आहे, तिची इंग्रजी अवघड नाही आणि दिवाळीच्या सुट्टीत सहज वाचून होईल. त्यानंतर 'द फिफ्थ सीझन' घ्या.