माती न चिरडता सुटी करणारा ध्वनी

उन्हाळ्यात विदर्भ-मराठवाड्यातील काळ्या रानाला हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाचा पाऊस झाला की तीच जमीन फुगून भेगा बुजतात. ही करामत काळ्या मातीतील स्मेक्टाइट गटाच्या खनिजांची आहे. दख्खनचा बेसाल्ट खडक लाखो वर्षे झिजून ती तयार झाली. याच गटातील माँटमोरिलोनाइट हे खनिज कच्छ आणि बाडमेरच्या खाणींतून ‘बेंटोनाइट’ नावाने बाहेर पडते. कोल्हापूरच्या फाउंड्रीत साच्याची वाळू बांधून ठेवायला ते लागते, तेलविहिरी खोदताना लागते आणि खाद्यतेलाचा रंग काढायलाही लागते. दुसरी महत्त्वाची माती म्हणजे चिनी माती. तिच्यातील मुख्य खनिज केओलिनाइट. कपबशा आणि टाइल्स यांच्याबरोबरच गुळगुळीत कागद, रंग, रबर अशा अनेक वस्तूंत ही माती असते.

एवढ्या उपयोगांच्या मुळाशी या खनिजांची रचना आहे. त्यांचे कण गोल किंवा ओबडधोबड नसून एकावर एक रचलेल्या पापुद्र्यांचे असतात. माँटमोरिलोनाइटचा एक पापुद्रा जेमतेम एक नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढा जाड असतो. दोन पापुद्र्यांमध्ये पाणी आणि सोडियम-कॅल्शियमचे आयन शिरतात, म्हणून ही माती फुगते. सगळे पापुद्रे सुटे झाले, तर एक ग्रॅम माँटमोरिलोनाइटचा पृष्ठभाग ७०० ते ८०० चौरस मीटर भरतो. रंगद्रव्य शोषणे, प्लास्टिकला बळकटी देणे, कागदावर चकाकी आणणे ही कामे हा पृष्ठभागच करतो. पापुद्रे गठ्ठ्यात अडकून राहिले, तर त्यातील बराचसा पृष्ठभाग वाया जातो.

मग माती दळून बारीक का करू नये? चिरोट्याचे पदर सुटे करायचे म्हणून कोणी तो खलबत्त्यात कुटत नाही. कुटला तर चुरा हाती येतो, पदर राहत नाहीत. चिनी माती बॉल मिलमध्ये तासन्‌तास कोरडी दळली, तर नेमके हेच होते. कण लहान होतात, पण आघाताने आणि घर्षणाने स्फटिकातील अणूंची मांडणी विस्कटते. पापुद्र्यांना धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गटांचे बंध तुटतात आणि खनिज अस्फटिकी होऊ लागते. आणखी दळत राहिले तर बारीक झालेले कण एकमेकांना चिकटून पुन्हा गोळे बनतात. म्हणजे वीज खर्च होते आणि ज्या गुणासाठी माती घेतली, तोच गुण जातो.

ही कोंडी फोडण्याचे एक साधन म्हणजे श्राव्यातीत ध्वनी, अर्थात अल्ट्रासाउंड. माणसाच्या कानाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यापलीकडचा ध्वनी तो श्राव्यातीत. सोनोग्राफीत लाखो कंपनांच्या सौम्य लहरी वापरतात. मातीसाठी मात्र २०,००० कंपनांच्या आसपासच्या, पण पुष्कळ जोरकस लहरी लागतात. दाबविद्युत गुणधर्माच्या सिरॅमिक चकत्यांना वीज दिली की त्या कंप पावतात. हे कंपन टायटॅनियमच्या दांड्यातून माती कालवलेल्या पाण्यात उतरते. दांड्याचे टोक सेकंदाला २०,००० वेळा पुढेमागे होते, पण प्रत्येक वेळी मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढेच हलते.

पण मातीवरचे खरे काम लहरी थेट करत नाहीत, ते बुडबुडे करतात. लहर पुढे जाताना द्रव आळीपाळीने दाबला आणि ताणला जातो. ताण पुरेसा असला, की पाण्यात सूक्ष्म पोकळ्या उघडतात. त्या काही आवर्तनांत वाढतात आणि अचानक मिटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. अभियंत्यांची त्याच्याशी ओळख झाली ती जहाजांमुळे. १८९४ मध्ये ‘डेअरिंग’ या ब्रिटिश विनाशिकेच्या चाचण्यांत तिचा पंखा जोरात फिरूनही अपेक्षित वेग मिळेना. पंख्याच्या पात्यांभोवती पोकळ्या तयार होत होत्या, हे त्याचे कारण निघाले. अशा पोकळीच्या मिटण्याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडले. १९२७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वुड आणि आल्फ्रेड लूमिस यांनी तीव्र श्राव्यातीत लहरींचे पदार्थांवर आणि सजीवांवर होणारे परिणाम प्रसिद्ध केले आणि या क्षेत्राचा पाया घातला गेला. पुढे केनेथ सस्लिक यांच्यासारख्या संशोधकांनी मिटणाऱ्या बुडबुड्याच्या पोटातील तापमान मोजले. ते सुमारे ५,००० केल्विन भरते आणि दाब शेकडो वातावरणांएवढा असतो. हे सारे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहून कमी वेळात उरकते, त्यामुळे भोवतालचे पाणी मात्र फारसे तापत नाही.

मोठ्या पृष्ठभागाशेजारी बुडबुडा मिटला तर त्यातून पाण्याची सूक्ष्म धार सुटते आणि पृष्ठभागावर आदळते. भांडी आणि चष्मे साफ करणारी अल्ट्रासॉनिक यंत्रे या गोष्टीचाही फायदा घेतात. मातीचा कण मात्र बुडबुड्याहून कितीतरी लहान असतो. त्याच्यावर धार आदळत नाही. बुडबुडे मिटताना निघणाऱ्या आघातलहरी त्याला हिसका देतात आणि कण एकमेकांवर वेगाने आदळतात. कणाची सर्वांत कमकुवत जागा पापुद्र्यांच्या मधली असल्यामुळे तो आधी तिथेच उकलतो.

स्पेनमधील सेव्हिलच्या द्रव्यविज्ञान (मटेरियल्स सायन्स) संस्थेतील लुईस पेरेझ-माकेदा, होझे लुईस पेरेझ-रॉड्रिगेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सातत्याने अभ्यासले. केओलिनाइटवरचा त्यांचा निबंध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. पापुद्रे सुटे होतात, त्यांची लांबी-रुंदीही काही प्रमाणात घटते, स्फटिकात थोडी अव्यवस्था येते, पण कोरड्या दळणात दिसणारी अस्फटिकी अवस्था येत नाही, असे त्यांना आढळले. व्हर्मिक्युलाइट आणि अभ्रकावरही त्यांनी असेच काम केले. अभ्रकासारखे लवचीक खनिज दळायला अवघड असते, म्हणून हे काम विशेष महत्त्वाचे.

उद्योगाला याचा उपयोग कुठे? पहिला नॅनोक्लेमध्ये, म्हणजे नॅनोमीटर जाडीचे पापुद्रे सुटे केलेल्या मातीत. १९८० च्या दशकात जपानमधील टोयोटाच्या संशोधन केंद्राने नायलॉनमध्ये पाच टक्क्यांहून कमी माँटमोरिलोनाइट मिसळले. भार सोसत आकार टिकवण्याची नायलॉनची तापमानमर्यादा सुमारे ६५ अंश सेल्सियसवरून १४० अंशांच्या पुढे गेली. अट एकच होती, पापुद्रे सुटे होऊन सर्वत्र पसरलेले हवेत. त्यासाठी आधी सेंद्रिय रेणू पापुद्र्यांमध्ये शिरवावे लागतात आणि हे शिरणे अल्ट्रासाउंडने जलद होते. दुसरा उपयोग चिनी मातीच्या शुभ्रतेसाठी. अल्ट्रासाउंडने कणांवर चिकटलेले लोहाचे पिवळे-तांबूस थर सुटतात आणि ऑक्झॅलिक आम्लासारख्या द्रावणाला लोह विरघळवणे सोपे जाते. तिसरा सांडपाण्यासाठी. पुण्याच्या विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी नॅनोक्ले आणि अल्ट्रासाउंड एकत्र वापरून पाण्यातील फिनॉल शोषून घेण्याचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला आहे.

मग हे तंत्र कारखान्याकारखान्यात का दिसत नाही? कारण लहरींचा जोर दांड्याच्या टोकाजवळच असतो आणि अंतर वाढते तसा तो झपाट्याने ओसरतो. काचेच्या पात्रात जमलेले काम हजार लिटरच्या टाकीत जमत नाही. त्यासाठी कालवण छोट्या कक्षातून सतत वाहते ठेवावे लागते. बेंटोनाइटचे कालवण घट्ट झाले की लहरी आणखी लवकर विरतात, म्हणून पाणी जास्त ठेवावे लागते आणि मग ते काढून टाकण्याचा खर्च येतो. बुडबुडे टायटॅनियमचे टोकही कुरतडतात. ते ठरावीक काळाने बदलावे लागते आणि धातूचे सूक्ष्म कण मालात मिसळण्याचा धोका राहतो.

यावर काम करणारी मोठी परंपरा मुंबईत आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनिरुद्ध पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी द्रवगतिकीय कॅव्हिटेशनवर अनेक वर्षे संशोधन केले. यात ध्वनीऐवजी द्रव पंपाने अरुंद छिद्रातून ढकलतात. छिद्रात वेग वाढतो, दाब पडतो, पोकळ्या तयार होतात आणि पुढे दाब परतला की मिटतात. बुडबुडे तुलनेने सौम्य असतात, पण मोठ्या प्रमाणावर नेणे सोपे आणि विजेचा खर्चही बऱ्याच कामांत कमी. मातीच्या कालवणासाठी दोन्ही पद्धतींची जोडी करून पाहण्यासारखी आहे.

म्हणून निवड डोळसपणे करावी लागेल. फाउंड्रीची वाळू आणि विहीर खोदण्याचा चिखल यांसाठी माती टनांनी आणि स्वस्तात लागते. तिथे चक्कीच योग्य. पापुद्रा शाबूत राहण्यावरच ज्या मालाची किंमत ठरते, तो नॅनोक्ले, उत्प्रेरकाचा आधार, औषधातील आणि सौंदर्यप्रसाधनांतील माती, अशा ठिकाणी अल्ट्रासाउंडचा खर्च भरून निघू शकतो. बेंटोनाइट आणि चिनी माती आपल्या देशात मुबलक आहे, बुडबुड्यांचे शास्त्र जाणणारी माणसेही आहेत. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील संशोधकांनी या विषयावरच्या प्रत्येक प्रयोगात कण किती बारीक झाला याच्या जोडीला एक किलो मातीला किती युनिट वीज लागली, हेही लिहावे. प्रयोगशाळेतील तंत्र कारखान्यात जाईल की नाही, हे त्या आकड्यावरच ठरते.