टँकर लागलाय, थांबा!

नेमका आपला नंबर येतो आणि पेट्रोल पंपावरचा पोरगा दोरी बांधतो. ‘टँकर लागलाय, थांबा.’ आपण चरफडतो. पण तिकडे बघा. नळी जोडण्याआधी टँकरला चिमट्याने एक तार लावतात. थंडीत स्वेटर काढताना चटचट ठिणग्या उडतात ना? नळीतून घासत जाणाऱ्या पेट्रोलवरही तसाच विद्युतभार साठतो. तार तो जमिनीत उतरवते. पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते! पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतला पाइप थेट तळाजवळ नेतात तोही याचसाठी. वरून धबाधबा ओतलं, शिंतोडे उडाले, की भार वाढलाच.

पंपमालकाची डोकेदुखी वेगळीच. टँकरच्या पोटात वेगवेगळे कप्पे असतात आणि कप्पा उघडला की पूर्ण रिकामा करायचा. म्हणजे जमिनीखालच्या टाकीत तेवढी जागा हवी. जागा होण्याची फार वाट पाहिली, तर गर्दीचा पंप संध्याकाळीच कोरडा! जानेवारी २०२४ मध्ये टँकरचालकांनी संप केला, मनमाडजवळच्या पानेवाडीतल्या इंधन डेपोंतून टँकर निघेनात, तेव्हा टाक्या आटण्याआधीच रांगा रस्त्यावर आल्या. धास्तीने सगळेच एकदम गाडीची टाकी फुल करायला धावले होते.