‘पाळण्यातून पडलं’ म्हणतात तेव्हा…

सातारा-सांगलीच्या सरकारी दवाखान्यांत “बाळ पाळण्यातून पडलं” हे वाक्य नेहमीचं. बहुतेक वेळा ते खरंही असतं. तरी आम्ही दोनदा विचारतो : कसं पडलं, कधी पडलं, जवळ कोण होतं? सांगितलेली हकिकत, बाळाचं वय आणि जखम यांचा मेळ बसायला हवा.

जे मूल अजून रांगतही नाही, त्याच्या अंगावर काळेनिळे डाग सहसा उठत नाहीत. धडपडणाऱ्या मुलांची गुडघे, नडगी, कपाळ फुटतात, ते चालायचंच. पण कान, मान, गाल, पोट इथला मुका मार सहज होत नाही. भाजण्याचंही तसंच. चहा सांडला तर ओघळ वेडेवाकडे येतात. गरम पाण्यात पाय धरून बुडवला तर मोज्यासारखी सरळ कड उमटते. दुखापतीनंतर दोन दिवसांनी आणलेलं मूल, दर वेळी बदलणारी हकिकत, यांचीही नोंद आम्ही घेतो.

घाईने आरोप मात्र नको. आपल्याकडच्या अनेक बाळांच्या कमरेवर, ढुंगणावर जन्मतःच निळसर डाग असतात. मुडदूस किंवा रक्त न गोठण्याचा आजारही असू शकतो. म्हणून तपासणी आधी.

मारणारे बहुधा परके नसतात. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालात दर तीन मुलांमागे दोघांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं; घरात मारणाऱ्यांत बहुतेक आईवडीलच होते.

तान्ह्याला सर्वांत मोठा धोका रागाच्या भरात गदागदा हलवण्याचा. डोकं जड, मान कमकुवत. मेंदूत रक्तस्राव होतो आणि बाहेर एक ओरखडाही दिसत नाही. नंतर उलट्या, सुस्ती, झटके दिसले तर लगेच दवाखाना गाठा. दुसऱ्या महिन्याच्या सुमारास बाळाचं रडणं सर्वांत जास्त असतं. घरात एकटी बाळंतीण, त्यात रात्रीची झोप नाही. तिचा तोल जाऊ शकतो, हे सासूबाईंनी आणि नवऱ्यानेही समजून घ्यावं. अशा वेळी बाळाला पाठीवर झोपवावं, पाच मिनिटं बाहेर जावं, शेजारणीला हाक मारावी.

शंका आली तर १०९८ वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो. पुरावा तुम्ही गोळा करायचा नसतो. जिल्ह्याची बालकल्याण समिती पुढचं पाहते.