जुनी पद्मिनी वेग घेताना का अडखळते?

बाळकुमहून घोडबंदर रस्त्याने निघाल्यावर गायमुखच्या चढावर ज्यांची जुनी प्रीमियर पद्मिनी ॲक्सिलरेटर दाबताच हिसके देते, त्यांनी कार्बुरेटर उघडण्याची घाई न करता प्रथम ठिणगीची आणि मग इंधनाची तपासणी करावी. हा शिरस्ता पाळल्यास श्रम व खर्च दोन्ही वाचतात. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या या गाडीचे १,०८९ सीसीचे इंजिन इतके सरळ रचनेचे आहे, की ते आपली व्याधी फार काळ लपवीत नाही.

प्लग काढून पाहावेत: टोक फिकट तपकिरी असल्यास ज्वलन समतोल, काजळीने काळे असल्यास पेट्रोलचा अतिरेक किंवा ठिणगी क्षीण, पांढरेफटक असल्यास बहुधा हवेचा अतिरेक. त्यानंतर डिस्ट्रिब्युटरमधील प्लॅटिनम पॉइंट जळलेले नाहीत ना, आणि त्यांतील अंतर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित कमी आहे ना, याची खातरजमा करावी.

अडखळणे केवळ ॲक्सिलरेटर दाबण्याच्या क्षणापुरते असेल, तर इंजिन बंद व थंड असताना एअर फिल्टर काढून थ्रॉटल हलवावे; कार्बुरेटरच्या नळीत पेट्रोलची बारीक धार उडाली नाही, तर ॲक्सिलरेटर पंपाचा पडदा निकामी झाला असण्याचा संभव मोठा. उलट, चढावर शक्ती सातत्याने घटत असेल, तर पेट्रोल फिल्टर आणि रबरी नळ्या पाहाव्यात; कारण हल्लीच्या २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलाने जुने रबर खराब होते आणि टाकीतील साचलेला मळ सुटून पुढे येतो.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येकाची तारीखवार नोंद ठेवावी. त्यावाचून खरे कारण सिद्ध होत नाही.