ब्लॅडरमध्ये गाठ? आधी सगळं सांगा, मग घाबरा!

मीटिंग लांबलीय, लघवी दाबून धरलीय. मग जळजळ झाली की ‘युरिन इन्फेक्शन असेल’ म्हणत केमिस्टकडून गोळ्या! हे आपलं ऑफिसवालं रुटीन. पण दोन-तीन कोर्स होऊनही त्रास थांबत नाही, सोनोग्राफी होते आणि रिपोर्टमध्ये येतं, ‘मूत्राशयात गाठ’. त्या रात्री झोप कुठली लागणार?

मूत्राशयातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या निघतात, हे खरंय. म्हणून लघवीतून रक्त दिसलं, अगदी एकदाच आणि न दुखता, तरी युरॉलॉजिस्ट गाठायचाच. पण मोजक्या गाठी साध्याही असतात. त्यातलीच एक लायोमायोमा. गर्भाशयातल्या फायब्रॉइडची चुलत बहीणच म्हणा ना! ब्लॅडरच्या सगळ्या गाठींत हिचं प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी.

दुर्बिणीतून पाहिलं की कॅन्सरची गाठ बऱ्याचदा फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी दिसते. लायोमायोमा मात्र गुळगुळीत, वरचं अस्तर शाबूत. एमआरआयवरूनही अंदाज येतो, पण तो अंदाजच. शिक्कामोर्तब होतं बायोप्सीनंतर, मायक्रोस्कोपखाली. गाठ अस्तराच्या खाली असल्यामुळे वरवरचा तुकडा पुरत नाही, खोलवरचा घ्यावा लागतो. एकदा खात्री पटली की लहान गाठ दुर्बिणीतूनच निघते, मोठीला ऑपरेशन लागतं. काहीच त्रास नसेल तर नुसतं लक्ष ठेवूनही भागतं.

मेख पुढेच आहे. अशीच गुळगुळीत दिसणारी आणखी एक, त्याहून दुर्मीळ गाठ असते, पॅरागँग्लिओमा. ही अॅड्रेनालिनच्या जातीची हार्मोन्स सोडते. लघवी करताना किंवा लगेच नंतर डोकं ठणकतं, छाती धडधडते, घाम फुटतो, बीपी भसकन वाढतं. आपण म्हणतो, डेडलाइनचं टेन्शन! 2017 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात हिला साधी मानत नाहीत, कारण ती पसरू शकते. आणि पूर्वतयारी न करता हिचा तुकडा काढायला गेलं तर ऑपरेशन टेबलवरच बीपी धोकादायक पातळीवर जाऊ शकतं.

म्हणून ‘लघवीला गेलं की डोकं दुखतं’ हे वाक्य कितीही बावळट वाटलं, तरी दुर्बिणीची तारीख घेण्याआधीच डॉक्टरांना सांगा. मग आधी मेटानेफ्रिनची टेस्ट होते, रक्ताची किंवा 24 तासांच्या लघवीची. ती पॉझिटिव्ह आली तर बीपी आटोक्यात ठेवणारी औषधं आधी, चिरफाड नंतर. लघवीची टेस्ट असेल तर रविवार निवडा. दिवसभर तो कॅन ऑफिसमध्ये कुठे मिरवणार?