परत का आणायचं? वाडीची मांजरं आणि आपलं देणं

आजचा विषय ऐकायला साधा आहे. वाडीतलं, कुणाच्याच मालकीचं नसलेलं मांजर पिंजऱ्यात धरायचं, त्याची नसबंदी करायची आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी लोकांना पटतात, तिसरी पटत नाही. एवढं पकडलंय, खर्च केलाय, मग परत कशाला आणता? न्या की लांब घाटात! हा प्रश्न लोहगडवाडीत विचारला जाईल तसा पुण्याच्या सोसायटीतही विचारला जातो. म्हणून आज आपण या ‘परत’ शब्दाचाच विचार करू.

आधी हे मांजर कुणाचं, ते ठरवू. २००१ चे जन्म नियंत्रणाचे नियम फक्त कुत्र्यांसाठी होते. २०२३ च्या नियमांत ‘सामुदायिक प्राणी’ अशी कल्पना आली. वस्तीत जन्मलेला, ज्याच्यावर कुणी मालकी सांगितलेली नाही असा प्राणी. वन्यप्राणी त्यात धरत नाहीत. डोनाल्डसन आणि किम्लिका या दोन कॅनेडियन विचारवंतांनी ‘झूपोलिस’ या २०११ च्या ग्रंथात प्राण्यांचे तीन वर्ग केले: माणसाळलेले, रानातले, आणि या दोहोंच्या मधले, माणसाच्या आसपास राहणारे. आपलं वाडीतलं मांजर बसतं कुठे? उंबरठ्यावर! धड आत नाही, धड बाहेर नाही. जातीने ते माणसाळलेलंच, पण त्याला घर नाही. घर नाही म्हणून ते कुणाचंच नाही असं आपण म्हणतो. खरं तर ते आपल्या सगळ्यांचं आहे, आणि अडचण तीच आहे. सगळ्यांचं काम म्हणजे कुणाचंच नाही, नाही का?

आता लांब नेऊन सोडायचं का नाही, ते पाहू. मांजर वाडीत राहतं ते अन्नासाठी. पावसाळ्यात शनिवार-रविवारी गडावर गर्दी होते, पिठलं-भाकरीची ताटं उठतात, उष्टं-खरकटं पडतं. उंदीर तर बारा महिने आहेत. चार मांजरं उचलून नेली तरी हे अन्न तिथेच राहतं आणि त्या जागी दुसरी येतात. टास्मानियातल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. तिथे रानातली मांजरं थोडी थोडी काढून टाकली, तर त्या भागात मांजरांची संख्या घटण्याऐवजी वाढलेली आढळली. आणि नेलेल्या मांजराचं काय होतं? ते अनोळखी मुलखात पडतं. पाणी कुठे, आडोसा कुठे, त्याला माहीत नसतं. पोत्यात घालून पिल्लं सोडून येण्याची आपल्याकडची जुनी रीत आहे. तिला ‘सोडणं’ म्हणायचं म्हणून म्हणायचं. एरवी ते मारणंच आहे, फक्त आपल्या डोळ्यांआड.

बरं, काहीच केलं नाही तर? मांजरी सव्वादोन महिन्यांच्या आत विते, एका वेळी चारेक पिल्लं, वर्षातून दोन-तीन वेळा. पाच महिन्यांची मादीसुद्धा गाभण राहू शकते. मग गावं मांजरांनी भरून का जात नाहीत? कारण पिल्लं मरतात. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात मोकळ्या मांजरांच्या पिल्लांवर नजर ठेवली, त्याचा अहवाल २००४ चा आहे. सहा महिन्यांच्या आत १०० पैकी ७५ पिल्लं मेली किंवा नाहीशी झाली. म्हणजे निसर्ग ‘आपोआप’ समतोल राखतो असं जे आपण म्हणतो, तो समतोल असा राखला जातो. मावळच्या पावसात भिजलेलं पिल्लू ज्याने पाहिलंय त्याला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

काम कसं करतात तेही सांगू. काही दिवस ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी खायला ठेवायचं. मग तिथेच पिंजरा मांडायचा, आत थोडी सुकट. भुलीसाठी पोट रिकामं लागतं, म्हणून पकडायच्या आधी खाणं बंद. मांजर आत आलं की पिंजऱ्यावर चादर टाकायची. अंधारात ते शांत होतं. शस्त्रक्रिया पशुवैद्यानेच करायची, सोबत रेबीजची लस. भुलीतच एका कानाचं, बहुधा डाव्या, टोक सरळ कापतात. ही खूण लांबून दिसते, म्हणून ते मांजर पुन्हा टेबलावर जात नाही. बोक्याला एक दिवस, मादीला दोन-तीन दिवस कोरड्या जागी ठेवून परत आणायचं. मादी पाजती असेल तर शक्य तितक्या लवकर, कारण पिल्लं कुठेतरी वाट पाहत असतात.

याने संख्या खरंच घटते? घटते, पण दोन अटींवर. पहिली, बहुतेक सगळ्यांची नसबंदी व्हायला हवी. अभ्यासकांनी मांडलेल्या हिशेबांत हा आकडा ७० टक्क्यांच्या वर जातो. दहातली चार करून थांबलो तर उरलेली सहा ती जागा भरून काढतात. दुसरी अट, माणसाळू शकतील अशा पिल्लांना घरं मिळायला हवीत. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाच्या आवारात ११ वर्षं हे काम चाललं. १५५ मांजरांची नोंद झाली, २००२ मध्ये २३ उरली. पण १५५ पैकी ४७ टक्के लोकांनी घरी नेली होती, बरं का! नुसत्या शस्त्रक्रियेचं ते श्रेय नव्हे.

पक्षीमित्रांचा आक्षेपही खरा आहे. नसबंदी झालेलं मांजरही शिकार करतंच. इथे तर शेजारी रान आहे. रानमांजर आणि वाघाटी हे आपल्या सह्याद्रीतले संरक्षित जीव. वाघाटी घरच्या मांजराहून लहान, अंगावर तांबूस ठिपके. ती चुकून पिंजऱ्यात आली तर हात न लावता वनविभागाला कळवायचं. घरच्या मांजराचे रोग रानात जाऊ नयेत म्हणूनही वस्तीतली मांजरं कमी आणि लसवंत हवीत. आणि म्हणूनच ‘परत’ म्हणजे वाडीत परत. गडावर किंवा रानाच्या कडेला नव्हे.

आता थोडं तत्त्वज्ञान, आमची खोड आहे ती! श्रीवैष्णवांत शरणागतीवर जुना वाद आहे. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं, तो मर्कटकिशोर न्याय. मांजराचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते, तो मार्जारकिशोर न्याय. दुसऱ्यात सगळा भार नेणाऱ्यावर. पिंजऱ्यातल्या मांजराला आपण असंच नेतो, पण एक फरक आहे. पिल्लाचा आईवर विश्वास असतो, या मांजराचा आपल्यावर नसतो. आपण त्याला विचारलेलं नाही. त्याची पुढची वीण आपण काढून घेतली, त्याच्या बऱ्यासाठी असेल, आपल्या सोयीसाठीही असेल. न विचारता घेतलं की देणं लागतं. निदान त्याची जागा, त्याचा आडोसा, त्याची ओळखीची भिंत तरी त्याला परत मिळायला हवी. ‘परत का आणायचं’ याचं उत्तर आमच्या मते एवढंच आहे.

हे देणं फेडायला मोठी संस्था लागतेच असं नाही. मुंबई आणि पुणे महापालिकांनी मांजरांच्या नसबंदीचं काम हाती घेतलंय. वाडीला तेवढी यंत्रणा नाही, पण एक वही आहे. मांजरं किती, रंग कोणता, कान कापलेला की नाही, पाजती कोण, खायला कोण घालतं, हे तीत लिहा. खाऊ घालणारा आणि तक्रार करणारा, दोघांनाही त्या वहीत नाव घालू द्या. ती वही घेऊन ग्रामपंचायतीत आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलात, तर बोलणं ‘मांजरांचा त्रास’ इथून सुरू न होता ‘अकरा राहिलीत, कधी आणू?’ इथून सुरू होईल.