खेळाची पेटी आणि मनगटाचे दुखणे

रब्बीचा हंगाम लागला की आमच्या नांदुऱ्यात मोटार रिवाइंडिंगच्या दुकानांसमोर शेतकऱ्यांची गर्दी होते. विजेचा दाब कमी-जास्त होतो, विहिरीवरची मोटार जळते, आणि हरभऱ्याचे पाणी काही थांबत नाही. असाच एक रिवाइंडिंगचे काम करणारा कारागीर, वय ३६, दिवाळीनंतर दवाखान्यात आला. म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आंगठ्याच्या मुळाशी लय ठनकते. तार धरू देत नाई."

त्याच्या डाव्या मनगटाची अंगठ्याकडची बाजू थोडी सुजली होती. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितले, तर तो कळवळला. या दुखण्याला 'डी क्वेर्वेन'चा आजार म्हणतात. फ्रित्झ डी क्वेर्वेन या स्विस शल्यचिकित्सकाने १८९५ साली त्याचे वर्णन केले. अंगठा बाजूला नेणाऱ्या आणि वर उचलणाऱ्या दोन स्नायूरज्जू मनगटाजवळ एका अरुंद बोगद्यातून जातात. त्याच त्या हालचालीने बोगद्याचे अस्तर जाड होते, आणि मग प्रत्येक हालचालीला रज्जू आत घासते. तान्ह्या बाळाला दिवसातून अनेकदा उचलून घेणाऱ्या आयांनाही हे दुखणे होते.

निदान बरोबर होते, पण कारण मी माझ्या मनानेच ठरवून टाकले. कॉइल भरताना उजवा हात हँडल फिरवतो आणि डावा हात तार ताणून धरतो. तेव्हा डावा अंगठा दुखणारच, असे मी समजलो. गोळ्या दिल्या आणि चार दिवस काम बंद ठेवायला सांगितले. त्याने भर हंगामात दुकान बंद ठेवले, तरी पंधरा दिवसांनी तो परत आला, तेव्हा दुखणे वाढलेले होते. मी गोळी बदलली. तिसऱ्या वेळी त्याची बायको बरोबर आली. तिनेच उलगडा केला. "दिवसा दुकान बंद, अन् रात्री अकरा-अकरा वाजेलोक त्या पेटीवर खटखट. मंग हात कसा बरा होईन?"

बारा वर्षे कॉइल भरूनही जो हात दुखला नाही, तो आत्ताच का दुखावा? 'अलीकडे नवीन काय सुरू केले?' हा साधा प्रश्न मी विचारला नव्हता. चूक माझी होती.

पेटी घरची, दुखणेही घरचे

शाळेत असताना त्याने नाणे टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या उभ्या पेट्या पाहिल्या होत्या. तशीच एक पेटी आपल्या मुलांसाठी घरी बनवावी, ही त्याची हौस. प्लायवूडचे खोके, जुना संगणक, जुना मॉनिटर आणि विकत आणलेले जॉयस्टिक व बटणांचे पुडके. दवाखाना बंद झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. काम देखणे होते. पण पॅनल जवळजवळ छातीच्या उंचीवर बसवलेले, आणि जॉयस्टिकची स्प्रिंग इतकी कडक की ती चिमटीत आवळून धरल्याशिवाय हलेना. डाव्या अंगठ्याची रात्रीची मजुरी दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त होती!

हे काही नवलाचे नाही. 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ १९७८ साली आला, आणि १९८१ साली अमेरिकेतील एका प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात त्या खेळाच्या नावानेच मनगटदुखीची नोंद छापून आली. १९९० साली त्याच नियतकालिकात ३५ वर्षांच्या एका महिलेची हकीकत आली. सलग पाच तास घरगुती व्हिडिओ गेम खेळून तिचा अंगठा दुखावला होता. खेळ बदलतात, हाताची रचना तीच राहते.

पेटी मोडून टाक, असे मी सांगितले नाही. दिवसभर मान मोडून काम करणाऱ्या माणसाला करमणूक हवी, आणि ती मुलांबरोबर असेल तर उत्तमच. फक्त कंट्रोल निवडताना आपला हात विचारात घेतला पाहिजे. त्याच्याकडून यंत्र समजून घेतले, मी त्याला हात समजावून सांगितला. त्यातून जे ठरले ते इतरांच्याही उपयोगाचे आहे.

जॉयस्टिक कशी घ्यावी?

जॉयस्टिकच्या खाली चार बाजूंना चार छोटे स्विच असतात. दांडी कलली की त्या बाजूचा स्विच दाबला जातो. तिरकी कलली तर दोन स्विच एकदम. दांडी किती आणि कुठे कलावी हे खालच्या पट्टीच्या भोकाचा आकार ठरवतो. 'पॅक-मॅन' (१९८०) सारखा खेळ चारच दिशांचा आहे. त्याला आठ दिशांची जॉयस्टिक लावली तर वळणावर तिरका इशारा जातो, खेळगडी भलतीकडे वळतो आणि खेळणारा चिडून दांडी आणखी जोराने ओढतो. उलट 'स्ट्रीट फायटर २' (१९९१) सारख्या मारामारीच्या खेळाला आठ दिशा आणि सहा बटणे लागतात. तेव्हा आधी खेळ ठरवा, मग जॉयस्टिक. चुकीची जॉयस्टिक खेळही बिघडवते आणि मनगटही.

दुसरी गोष्ट स्प्रिंगची. दोन बोटांच्या हलक्या धक्क्याने दांडी कलली पाहिजे आणि सोडताच मधोमध परतली पाहिजे. मुठीला गोल गोळा हवा की लांबट दांडा, हे हातावर आहे. ज्याला चिमटीत आवळायची सवय आहे किंवा ज्याची बोटे संधिवाताने आखडतात, त्याने लांबट आणि जाडसर मूठ घ्यावी. ती तळहाताने धरता येते, अंगठ्यावर भार येत नाही.

बटणे जोराने दाबून काय मिळते?

काही मिळत नाही. बटणाखालच्या स्विचला फक्त दोनच अवस्था ठाऊक आहेत, चालू आणि बंद. घराच्या दाराची घंटा जोराने दाबली म्हणून जास्त वाजत नाही, तसेच हे. म्हणून हलके बटण घ्या. करंगळीने सहज दाबता येईल ते बटण चांगले. बाजारात खेळाच्या बटणांना साधारण ३० मिलिमीटरचे आणि 'स्टार्ट'च्या बटणाला २४ मिलिमीटरचे भोक लागते. लकवा झालेल्या किंवा बोटांत जोर नसलेल्या माणसासाठी मोठ्या आकाराची बटणेही मिळतात. ज्याचा डावा हात कमजोर आहे, त्याच्यासाठी जॉयस्टिक उजवीकडे बसवावी. आपली पेटी आपणच बनवत असल्यावर ही सोय करता येते.

बटणे सरळ रेषेत लावू नयेत. आपली बोटे सारख्या लांबीची नाहीत. कागदावर हात सैल ठेवा, बोटांची टोके पेन्सिलीने टिपा. जी वाकडी ओळ येईल तीच बटणांची जागा.

पॅनलची उंची

प्लायला भोके पाडण्याआधी पुठ्ठ्याचे पॅनल करून पाहा. उभे राहा, खांदे सैल सोडा, कोपर काटकोनात वाकवा. पॅनल त्या उंचीवर किंवा किंचित खाली असावे. मनगट वर, खाली किंवा कडेला वाकता कामा नये. बटणांच्या अलीकडे तळहात टेकेल एवढी जागा सोडा, आणि प्लायची कड घासून गोल करा. टोकदार कड मनगटाच्या नसेला दाबते. मुलांसाठी पाट किंवा स्टूल ठेवा. दोघे खेळणार असतील तर दोघांचे खांदे एकमेकांना लागणार नाहीत एवढे अंतर हवे.

एक इशारा. जुन्या टीव्हीची काचेची पिक्चर ट्यूब वापरणार असाल, तर ती उघडू नका. तिच्यात हजारो व्होल्टचा दाब असतो आणि वीज बंद केल्यावरही काही काळ टिकून राहतो. ते काम जाणकाराचे. सोल्डरिंग खिडकीजवळ करावे, मुलांना दूर ठेवावे आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

डॉक्टरकडे केव्हा जावे?

अर्ध्या तासाने दहा मिनिटे हात सोडून बसावे, हा नियम मोठ्यांनाही लागू आहे. तरीही दुखणे आठ-दहा दिवस टिकले, पकड सुटू लागली, रात्री अंगठ्याकडच्या तीन बोटांना मुंग्या येऊ लागल्या, किंवा मनगट लाल व गरम होऊन ताप आला, तर दाखवावे. दुखण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा अल्सर असणाऱ्यांनी तर नाहीच नाही. बोगद्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्याने बहुतेकांना आराम पडतो, मात्र मधुमेह्यांनी आधी तसे सांगावे, कारण साखर काही दिवस वाढते. शस्त्रक्रिया थोड्यांनाच लागते.

आमच्या कारागिराला अंगठा स्थिर ठेवणारा पट्टा दिला आणि अकोल्याला अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवले. एक इंजेक्शन पुरले. तोवर कॉइल भरण्याचे काम त्याच्या भावाने सांभाळले. पट्टा सुटल्यावर त्याने पॅनल वीतभर खाली आणले, हलक्या स्प्रिंगची जॉयस्टिक बसवली आणि मला बोलावले. मी खेळलो, पहिल्याच फेरीत हरलो, त्याच्या धाकट्या मुलीने टाळ्या वाजवल्या. मनगटाला मात्र काही कळलेही नाही.

तेव्हा हात दुखू लागला, तर डॉक्टरला दिवसाच्या कामाबरोबर रात्रीच्या हौसेबद्दलही सांगा. डॉक्टरने विचारले नाही, तरी सांगा.